चाक जमिनीवर राहू दे

चि. छकुलीस,


तू पाठवलेली सामानाची यादी नीट वाचली. तुझ्या दुसऱ्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला ४० मिलिमीटर खाली बसवणारं कॉइलओव्हर किट, मूळच्या अडीचपट कडक स्प्रिंगा आणि शॉकअपच्या डोक्यावर ३२ टप्प्यांचं बटण. शेवटी विचारलंयस, ‘मामा, घेऊ ना?’

हे किट घेऊ नकोस. सस्पेन्शन बदलायच्या तुझ्या विचाराला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. वीस वर्षांवरच्या गाडीचे शॉकअप दमलेलेच असणार आणि एवढी गुणी गाडी दमलेल्या शॉकअपवर चालवणं म्हणजे तिच्यावर अन्याय. पण काय बदलायचं, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी, हे फोनवर उरकण्यातलं नाही. शिवाय इथे पुण्यात स्प्रिंगचे वेढे कापून गाड्या खाली बसवणारी पोरंही मला हेच विचारत असतात, म्हणून उत्तर चारचौघांत देतोय.

माझी सारी नोकरी शॉकअप तपासण्यात गेली. त्यातून जे पक्कं झालं ते आधीच सांगून टाकतो. स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन कडक असावं लागत नाही, ते चाकाला रस्त्याशी धरून ठेवणारं असावं लागतं. गाडी वळते, थांबते, पळते ती चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठिकाणांवर. तिथला दाब जितका एकसारखा, तितकी पकड जास्त. दाब वरखाली होत राहिला तर सरासरी तीच असूनही पकड घटते, आणि खडबडीत वळणावर चाक क्षणभर जरी उडालं तरी त्या क्षणी तुझ्या हातात काही उरत नाही. कडक गाडी वेगवान वाटते, कारण ती आपल्याला हादरवते. शेजारून पळणारी मऊ गाडी मात्र त्याच वळणातून शांतपणे पुढे निघून जाते.

स्प्रिंगचा हिशेब आधी करू. छापलेल्या न्यूटनच्या आकड्याने कडकपणा कळत नाही, आपल्यावरचं वजन घेऊन ती सेकंदाला किती वेळा झुलते त्यावरून कळतो. तू आत बसलीस की तुझी गाडी साधारण अकराशे किलो. चाक, हब, ब्रेक हे स्प्रिंगखालचं वजन वगळलं तर एका कोपऱ्यावर अडीचशे किलोच्या आसपास उरतं. हा कोपरा सेकंदाला दीड वेळा झुलायला हवा असेल, तर चाकापाशी मिलिमीटरमागे २२ न्यूटनांचा ताठपणा लागतो. दोनदा झुलवायचा असेल तर जवळजवळ ४०. ताठपणा पावणेदोनपट झाला तेव्हा कुठे झुलणं एक तृतीयांशाने वाढलं, कारण हिशेब वर्गमुळाचा आहे. घरगुती गाडी सव्वाच्या आगेमागे असते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार दीड ते दोन, आणि हवेच्या दाबावर रस्त्याला चिकटणाऱ्या रेसच्या गाड्या तीनच्याही वर. तुझं किट तुला दोनच्या पलीकडे, गुळगुळीत ट्रॅक आणि स्लिक टायरांच्या मुलखात नेऊन ठेवणार. जर्मनीतला तुझा रोजचा रस्ता तसा नाही. तूच लिहिलंयस की घराजवळची जुनी गल्ली दगडी फरसबंदीची आहे.

आणखी एक. हे आकडे चाकापाशचे आहेत. तुझ्या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन आहेत आणि स्प्रिंग आर्मच्या टोकावर बसत नाही, आतल्या बाजूला बसते. चाक १० मिलिमीटर वर गेलं आणि स्प्रिंग ७ च दबली, तर ०.७ चा वर्ग घ्यायचा. म्हणजे स्प्रिंगचा जेमतेम निम्मा ताठपणा चाकापर्यंत पोचतो. म्हणून मित्राच्या गाडीच्या स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीशी ताडून बघण्यात काही हशील नाही.

स्प्रिंग फार नाजूक प्रकरण आहे. १२ मिलिमीटरची तार १३ ची केली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तरी ती ३८ टक्क्यांनी कडक होते, कारण ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढे कमी झाले तरीही वाढतो. इथली पोरं वेढा कापतात तेव्हा गाडी खाली बसते हे त्यांना दिसतं. कुणी न ठरवलेल्या प्रमाणात ती कडकही झाली आणि कापलेलं टोक वाटीत धड बसत नाही, हे दिसत नाही.

आता त्या ४० मिलिमीटरांबद्दल. गाडी खाली बसली की देखणी दिसते, मान्य. गुरुत्वमध्य खाली येतो, तेही खरं. पण चाकाला वर यायला जागा किती उरली? एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांना ही जागा मुळातच बेताची आहे, मागच्या बाजूला तर जास्तच. समज, बम्प स्टॉपला, म्हणजे चाकाची वरची चाल अडवणाऱ्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत ६० मिलिमीटर होते. त्यातले ४० तू उभ्या गाडीतच खर्च केलेस. उरलेल्या २० मध्ये गाडी सावरायची तर स्प्रिंग अडीचपट कडक करावीच लागते. किटवाल्याने ती हौसेने कडक केलेली नाही, उंची घालवल्यावर त्याच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

नूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर एकदा जायचंय म्हणतेस ना? २०.८ किलोमीटरची, १९२७ साली सुरू झालेली ती वाट डोंगरातली आहे, सपाट मैदानातली नाही. तिथल्या फुक्सरोअरमध्ये गाडी भरधाव उतारावरून खोलगटात शिरते आणि लगेच चढाला लागते. तळाशी सगळी गाडी खाली दाबली जाते. नेमक्या त्या क्षणी एखादं चाक बम्प स्टॉपवर आदळलं, तर त्या कोपऱ्याची स्प्रिंग एकाएकी कित्येक पट कडक झाल्यासारखी होते आणि पकड त्याच चाकाची आधी सुटते. त्याआधी लागणाऱ्या फ्लुगप्लाट्झला उलटी तऱ्हा. तिथे गाडी उंचवट्यावर हलकी होते आणि चाकाला खाली उतरायला जागा लागते. तिथे बिनधास्त जाणाऱ्या गाड्यांमध्ये चाकाला वरही जागा असते आणि खालीही.

ही अक्कल जुनी आहे. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी १९६२ साली एलान आणली. ७०० किलोच्या आतली गाडी, मऊ स्प्रिंगा, चाकाला भरपूर हालचाल आणि तिच्यावर शॉकअपचा पक्का ताबा. तुझ्या माझदाची पहिली पिढी १९८९ साली आली, तेव्हा तिच्या कर्त्यांसमोर त्याच घराण्याच्या छोट्या ब्रिटिश गाड्या होत्या. त्याच्याही कितीतरी आधी, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, इंजिनिअर मॉरिस ऑली यांनी कॅडिलॅकमध्ये पुढे-मागे वजनं सरकवता येतील अशी एक गाडी बनवून घेतली आणि प्रयोग करून ताडलं की मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा जरा जलद झुलणारी हवी. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्यांना. उशिरा सुरुवात केलेली मागची बाजू जलद असली की पुढचीला गाठते आणि गाडी नाक खाली-वर न करता सपाट स्थिरावते. म्हणून स्प्रिंगा पुढच्या-मागच्या एकाच घरच्या, जुळवून काढलेल्या घ्यायच्या.

आता माझ्या जिव्हाळ्याचं, शॉकअप. स्प्रिंग धक्का साठवते आणि तो परत करतेच. तो गिळायचं काम शॉकअपचं. गिळलेल्या धक्क्याची उष्णता होते. आमच्या रिगवर शॉकअप सलग वरखाली चालवला की थोड्याच वेळात नळकांड्याला हात लावून घेत नसे. साध्या ट्विन ट्यूबमध्ये तेल आणि वायू एकाच घरात नांदतात. असं तापवून हाणलं की तेलाला फेस येतो, आणि फेसातून पिस्टन जाताना मध्येच ताकद गळाल्याचं आलेखावर स्पष्ट दिसतं. मोनोट्यूबमध्ये एक तरंगता पिस्टन तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवतो, आणि नायट्रोजन वीसहून जास्त बारच्या दाबाने तेलाला दाबून धरतो, फेस होऊच देत नाही. मूळ कल्पना फ्रान्सच्या द कार्बोन यांची. बिल्स्टाइनने १९५७ साली मर्सिडीज-बेंझसाठी ती कारखान्यातून काढायला घेतली. नवा मोनोट्यूब टेबलावर उभा करून दांडा दोन्ही हातांनी खाली दाब आणि सोड. तो आपणहून, एका संथ चालीने पूर्ण वर येईल. मध्ये कुठे अडखळला किंवा झटका दिला तर तो परत पाठव.

शॉकअपचा खरा गुण त्याच्या वक्रात असतो. गाडी वळणात कलते, ब्रेकला नाक टेकवते, तेव्हा पिस्टन सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकतो. खड्ड्यात चाक आपटलं की तोच अर्ध्या मीटरच्या पुढे धावतो. चांगला स्पोर्ट्स शॉकअप संथ हालचालीला लगेच घट्ट धरतो, आणि वेग वाढला की त्याच्या व्हॉल्व्हच्या पातळ चकत्या वाकून तेलाला वाट देतात. स्टिअरिंगची नेमकी जाण पहिल्या भागातून येते आणि खड्ड्यात दात न वाजणं दुसऱ्या भागातून. स्वस्त किटच्या बटणाखाली बहुतेक वेळा एक सुई असते, ती एक छिद्र उघडते आणि मिटते. छिद्रातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे जिथे धरायचं तिथे तो ढिला आणि जिथे सोडायचं तिथे लोखंडाची पहार. मग ते टप्पे ३२ असोत की ६४. कोनीचे पिवळे शॉकअप बघ. त्यांत फक्त चाक परत खाली जातानाचा जोर बदलता येतो, आणि तेवढं पुरतं. तोही फार आवळू नकोस. चाक वेळेवर खाली उतरलं नाही, तर लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी पायरी-पायरीने खाली रुतत जाते.

म्हणून माझा क्रम असा. आधी शॉकअप बदल, मूळच्या स्प्रिंगांवरच. सोबत बम्प स्टॉप, वरचे माउंट आणि सडलेले सगळे बुश नवे. एवढं करून ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरच्या बे-५०० या रस्त्यावर गाडी मनसोक्त चालव. माझा अंदाज, तुला पुढे फार काही करावंसं वाटणार नाही. वाटलंच तर वीस-पंचवीस टक्के कडक आणि १५ ते २० मिलिमीटरच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घे. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली की शॉकअपचा जोर साधारण १४ टक्क्यांनी वाढावा लागतो, एवढं चांगला शॉकअप सामावून घेतो. अडीचपट कडक स्प्रिंगला तोच जोर जवळजवळ साठ टक्के वाढायला हवा, आणि तिथे शॉकअप नव्याने बांधल्याशिवाय भागत नाही. मात्र पुढे स्प्रिंगा बदलायचा विचार असेल तर तो आजच ठरव. बिल्स्टाइनचा बी६ मूळ उंचीसाठी असतो आणि बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. शिवाय तू या विद्येच्या माहेरीच राहतेस. बिल्स्टाइन एनेपेटालचं, स्प्रिंगवाले आयबाख फिनेनट्रोपचे, एच अँड आर त्यांच्या शेजारच्या लेनेश्टाटचे. तुझ्या दारापासून काही तासांची वाट.

बसवायला मित्र-मैत्रिणी जमवणार आहेस, तर दोन गोष्टी पोटतिडकीने सांगतो. दांड्याच्या चकचकीत क्रोमला पक्कड लावू देऊ नकोस, कितीही घाई असो. नट फिरवताना दांडा फिरतो, मग कुणीतरी पक्कडीने तो धरतं. तिचा एक दात जरी उमटला तरी तो ओरखडा दर वरखालीला सील खरवडतो आणि थोड्याच दिवसांत नळकांड्यावर तेल उतरतं. दांड्याच्या टोकाला धरायला खाच असते, तिथेच धरायचं. आणि दुसरं, आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळायचे नाहीत. रबरी बुश आवळताना ज्या कोनात असतो तोच त्याचा विसाव्याचा कोन होतो. चाक लटकलेलं असताना आवळलास तर गाडी खाली टेकताच बुश पिळला जातो आणि जन्मभर पिळलेलाच राहतो. गाडी टणक लागते, उंची चुकते, रबर फाटतं, आणि लोक दोष नव्या शॉकअपला देतात. बोल्ट हातानेच लावून ठेव, गाडी चाकांवर उतरव, थोडी पुढे-मागे ढकल आणि मग टॉर्क रेंच घे. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही आकडे समोरासमोर आणि सारखेच आवळायचे, दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर कुणी बसायचं नाही. त्यानंतर थोडं चालवून झाल्यावर अलाइनमेंट, तू बसतेस तेवढं वजन सीटवर ठेवून.

कागदपत्रांचंही बघ. तुमच्याकडे स्प्रिंग बदलली की सुट्या भागाचा तांत्रिक अहवाल, टाइलेगुटआख्टन, लागतो. तो घेऊन ट्यूफसारख्या संस्थेकडून तपासणी करून नोंद करून घ्यावी लागते. ती केली नाही तर गाडीचा रस्त्यावर चालायचा परवानाच संपुष्टात येतो. कोणतं मॉडेल, ॲक्सलवर किती भार, कोणत्या मापाचे टायर, हे सगळं त्या अहवालात असतं. पैसे देण्याआधी तो मागून घे. द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून काहीच घेऊ नकोस.

आणि काही उघडण्याआधी सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून मला कळव. पुढची-मागची, डावी-उजवी, टाकीत पेट्रोल किती आहे तेही. ते चार आकडे आले की कोणती स्प्रिंग खचली आहे ते कळेल, मग शॉकअपचा नंबर मिळून ठरवू.

तुझा,
मामा