तळेगांवाहून समुद्राकडे : एका जुन्या जहाजाची हकीकत

महाराष्ट्रांत तळेगांवें पुष्कळ आहेत. पुण्याजवळचें दाभाड्यांचें, अमरावती जिल्ह्यांतील दशासरचें, आणि आमचें, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील, श्यामजी पंतांचें. नागपूरहून अमरावतीस जाणाऱ्या हमरस्त्यावर तें वसलें आहे. भोंवतालीं कपाशीचीं व तुरीचीं शेतें आणि संत्र्यांचे बगीचे. येथें पडलेला पाऊस वर्धा नदीस मिळतो. वर्धा पुढें वैनगंगेस मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरींत शिरते. आणि आमचें पाणी अखेर पूर्वसमुद्रास जाऊन पोंचतें. माणसांना मात्र समुद्र पाहावयाचा झाल्यास पश्चिमेची वाट धरून मुंबई गांठावी लागते.

या मुलखांतील माणसांच्या आधीं येथील कापसानें समुद्र पाहिला. आर्वी-पुलगांवच्या बाजारांतून निघालेल्या गांठी आगगाडीनें मुंबईस आणि तेथून बोटीनें विलायतेस जात. कापसाचा मालक घरींच राही. त्यांतून ब्राह्मणाघरीं समुद्रयान कलिवर्ज्य मानलेलें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां समाजांत केवढी खळबळ उडाली हें वाचकांस ठाऊकच आहे. आज त्या निषेधाची आठवणहि कोणास उरलेली नाहीं. केवळ हवापालटाकरितां बोटीनें गोव्यास जाऊन यावें, असा बेत आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांतहि निघूं शकतो. आणि तसा तो निघाला.

बेतास हरकत आली ती वेगळ्याच बाजूनें. बोट १९९० सालची आहे, असें मुलांपैकीं कोणीतरी बोलून गेलें. तें ऐकून थोरल्या काकू म्हणाल्या, “अरे, मोटार जुनी झाली तर रस्त्याच्या कडेला उभी तरी करतां येते. बोट जुनी झाली तर ती कोठें उभी करणार?” या प्रश्नास कोणाजवळच उत्तर नव्हतें. तेव्हां तिकिटें काढण्यापूर्वीं त्या जहाजाची कुळकथा नीट समजून घ्यावी असें ठरलें. मुलीच्या स्थळाची चौकशी करावी तशी ती आम्हीं केली, आणि जें कळलें तें इतकें मनोरंजक होतें कीं वाचकांपुढें मांडल्यावांचून राहवत नाहीं.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर सँ-नाझेर नांवाचें गांव आहे. तेथील प्रसिद्ध गोदींत हें जहाज बांधलें गेलें आणि १९९० च्या जून महिन्यांत सेवेंत आलें. त्या वेळीं त्याचें नांव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ असें होतें. रॉयल कॅरिबियन या कंपनीनें तें अमेरिकेच्या मायामी बंदराहून बहामा बेटांकडे जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या लहान सफरींकरितां सेवेंत आणलें. लांबी सुमारें २११ मीटर. आकारमान साडेअठ्ठेचाळीस हजार ग्रॉस टन. हा टन वजनाचा नव्हे. जहाजाच्या आंतील बंदिस्त जागेच्या घनफळावरून तो काढतात. १९९० सालीं हें जहाज कांहीं लहान गणलें जात नसे. पण २०२४ सालीं त्याच कंपनीनें समुद्रांत आणलेलें ‘आयकॉन ऑफ द सीज्’ जवळजवळ अडीच लक्ष टनांचें आहे. त्याच्याशेजारीं हें उभें केलें तर घरच्या दुचाकी दमणीशेजारीं बाळाचा पांगुळगाडा ठेवल्यासारखें दिसावें.

२००४ सालीं त्याचें नांव बदलून ‘एम्प्रेस ऑफ द सीज्’ झालें. २००८ सालीं तें पुलमँतूर या स्पॅनिश कंपनीकडे गेलें. कंपन्या मोठमोठीं जहाजें बांधीत सुटल्या होत्या. तेव्हां या लहान जहाजाची मूळ घराशीं गांठ आतां कायमची तुटली, असेंच कोणीहि म्हटलें असतें. पण २०१६ सालीं रॉयल कॅरिबियननें तें परत बोलावलें. सासरीं गेलेली लेक आठ वर्षांनीं माहेरीं यावी, तसें झालें.

मात्र माहेरपण सोपें गेलें नाहीं. दुरुस्तीचें काम हातीं घेतल्यावर मुदपाकखान्याचें काम ठरविल्यापेक्षां फार मोठें निघालें. तेथील डागडुजी लांबत गेली, सुरुवातीच्या कित्येक सफरी रद्द कराव्या लागल्या, उतारूंना पैसे परत द्यावे लागले. ज्यांनीं कधीं जुन्या वाड्याची दुरुस्ती काढली आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. एक फरशी उचलावी तों खालचें जोतें खचलेलें सांपडतें. एक तुळई बदलावी तों शेजारची किडलेली निघते. जुनी वस्तु पुनः चालती करण्याचा खर्च आधीं कागदावर मांडतां येत नाहीं, हा अनुभव जगभर सारखाच.

मग एवढा खटाटोप कंपनीनें कां केला? कारण क्यूबाचें दार उघडण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं होतीं. हवानाचें जुनें बंदर अरुंद. तेथील धक्क्यास अजस्र जहाजें लागणें कठीण. जें लहानपण इतकीं वर्षें उणेपण मानलें जात होतें, तेंच एकाएकीं गुण ठरलें. २०१७ च्या एप्रिलमध्यें हें जहाज हवानास गेलें. पुढें २०१९ च्या जूनमध्यें अमेरिकन सरकारनें अशा सफरींना मनाई केली आणि तो मार्गहि बुजला. त्यामागोमाग २०२० ची महामारी आली व जगांतलीं सगळींच प्रवासी जहाजें नांगरून पडलीं.

जहाज नांगरलें म्हणून त्याचा खर्च थांबत नाहीं. खलाशी, विमा, धक्क्याचें भाडें, यंत्रांची निगा हें सर्व चालूच असतें. ‘जुनें तें सोनें’ ही म्हण जहाजास लागू पडत नाहीं. जहाजांत जुनें तें लोखंड, आणि लोखंडाचा भाव टनावर ठरतो. पुलमँतूरच्या काळांत आमच्या जहाजाबरोबर ‘सॉव्हरिन’ व ‘मोनार्क’ हीं दोन जहाजें होतीं. दोन्ही जवळपास त्याच वयाचीं आणि आकारानें बरींच मोठीं. २०२० सालीं तीं दोन्ही तुर्कस्तानच्या अलियागा किनाऱ्यावर मोडण्यास पाठविलीं गेलीं. मोठीं गेलीं, धाकटें राहिलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याची विक्री झाली. कॉर्डेलिया नांवाच्या भारतीय कंपनीनें तें मुंबईस आणलें आणि सप्टेंबर २०२१ पासून येथून त्याच्या सफरी सुरू झाल्या. नांव आतां नुसतें ‘एम्प्रेस’.

परंतु मुंबईस आलेल्या प्रत्येक जुन्या जहाजाचें नशीब असें निघालें नाहीं. १९९० सालींच इटलींत जन्मलेलें ‘क्राउन प्रिन्सेस’ अनेक नांवें बदलून २०१९ सालीं ‘कर्णिका’ या नांवानें मुंबईंत आलें. पुरतें एक वर्षहि त्यास धड मिळालें नाहीं. २०२० च्या अखेरीस गुजराथेंतील अलंगच्या किनाऱ्यावर तें मोडीस गेलें. अलंगास भरतीओहोटींत मोठा फरक असतो. मोठ्या भरतीच्या वेळीं जहाज स्वतःच्या यंत्रबळानें किनाऱ्यावर चढवितात, आणि पाणी ओसरलें कीं तोडणारे मजूर त्यास भिडतात. त्याआधीं, ऑक्टोबर २०१८ मध्यें, १३१ मीटर लांबीची, जपानांत बांधलेली ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर मोठ्या थाटानें सुरू झाली होती. कान्होजी आंग्र्यांचें नांव धारण करणारी ती बोट पाहून कोंकणी माणसाचा ऊर भरून आला होता. २०२० सालीं तिची फेरी थांबली, ती पुनः सुरू झाली नाहीं.

आतां काकूंच्या प्रश्नाकडे वळूं. जुनें जहाज सुरक्षित कीं नाहीं, हें त्याच्या वयावरून ठरत नाहीं. त्याच्या तपासणीवरून ठरतें. प्रवासी जहाजाचें सुरक्षिततेचें प्रमाणपत्र दर वर्षीं नवें करावें लागतें. तळाची तपासणीहि दर वर्षीं होते, आणि पांच वर्षांत निदान दोनदां जहाज सुक्या गोदींत चढवावें लागतें. पत्र्यांची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्रानें मोजतात. ठराविक मर्यादेपेक्षां पत्रा झिजलेला आढळला तर तो कापून नवा जोडावा लागतो. ऑक्टोबर २०१० पासून तर प्रवासी जहाजाच्या बांधणींत जळाऊ साहित्य चालत नाहीं. लांकडी नक्षीचीं कित्येक देखणीं जुनीं जहाजें त्या नियमानें सेवेंतून गेलीं. सारांश, जुनें जहाज चालू राहिलें आहे म्हणजे तें या सर्व परीक्षा देत आलें आहे. हें सर्व ऐकून काकू म्हणाल्या, “म्हणजे आमच्यासारखेंच कीं! डॉक्टर दर वर्षीं पाहतो म्हणून चाललें आहे.” त्या आमच्याबरोबर निघाल्या.

तळेगांवाहून आर्वी, आर्वीहून पुलगांव आणि तेथून आगगाडीनें मुंबई, असा आमचा मार्ग. आर्वी-पुलगांव या टप्प्यांत एका बंद पडलेल्या लहान गाडीची आठवण होणें अपरिहार्य आहे. १९१७ सालीं, मुख्यतः कापसाकरितां, ही सुमारें ३५ किलोमीटरची अरुंद रुळांची शाखा सुरू झाली. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या ‘शकुंतले’चीच ही बहीण. ती अडतअडत चाले. चालत्या गाडींतून उतरून पुनः चढतां येतें, अशी थट्टा लोक करीत. पण गरिबाला परवडणारी गाडी तीच होती. कापूस मालमोटारींत गेला, उतारू एस्. टी.त गेले, आणि रूळ गवतांत गेले. ती पुनः चालू व्हावी, रुंद रुळांची व्हावी, ही मागणी या भागांत वरचेवर होत आली आहे.

मुंबईस बॅलार्ड बंदराच्या धक्क्यावर एम्प्रेस उभें होतें. पांढरेंशुभ्र, खिडक्यांच्या रांगाच रांगा. जवळ जाऊन पाहिलें तर कोठें कोठें रंगावर रंग चढून पत्र्याला आलेला जाडपणा दिसे. निघण्यापूर्वीं प्रत्येक उतारूस संकटकाळची कवाईत करावी लागते. जीवरक्षक पट्टा कसा बांधावयाचा, कोणत्या ठिकाणीं जमावयाचें, हें काकूंनींहि शिकून घेतलें. आंत शिरतांच मधोमध कित्येक मजल्यांचा उंच चौक लागतो. त्याच्या भोंवतीं कठडे, आणि कठड्यांशीं उभीं राहून खालची गंमत पाहणारीं माणसें. लग्नघरच्या चौसोपी वाड्याचीच ही समुद्रावरची आवृत्ति म्हणावी. खोल्या अरुंद, पण एकही कोपरा वायां गेलेला नाहीं. शाकाहारी जेवणाची व्यवस्था चांगली होती. द्यूतगृहहि आहे; त्या मजल्यावरून आमची मंडळी जरा लगबगीनेंच पुढें गेली.

संध्याकाळीं धक्का सुटला. मुंबईचे दिवे मागें पडले आणि डाव्या हातास कोंकणचा किनारा काळोखांत बुडाला. मधूनच एखाद्या दीपगृहाचा झोत फिरून जाई. वरच्या डेकवर वाद्यें वाजत होतीं, तरुण मंडळी नाचत होती. आमचें लक्ष त्या झोतांकडे लागलें होतें. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले : एके काळीं याच पाण्यांतून भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हीं बंदरें घेत घेत पणजीस जाई. किनाऱ्यावरून पडावांत बसून बोटीपर्यंत यावयाचें, हेलकाव्यांत शिडी धरावयाची आणि वळकटी पसरून डेकवर रात्र काढावयाची. गिरणींतला कामगार, बाळंतपणास माहेरीं निघालेली बाई, मुंबईस शिकावयास जाणारा विद्यार्थी, सर्वांची बोट तीच. तीं दिवसेंहि निर्धोक नव्हते. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. कोंकणांत ती जखम अजून बुजलेली नाहीं. पण बोट थांबली ती भीतीनें नव्हे. रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या, आणि १९८० नंतरच्या दशकांत ती सेवा संपली. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली तेव्हां तिची वाट पाहणारें कोणी उरलें नव्हतें.

सकाळीं मुरगांवच्या बंदरांत शिरतांना आम्ही या सर्व हकीकतीचा ताळा घालूं लागलों. एम्प्रेस कां जगलें? त्याचें लोखंड इतरांहून निराळें नव्हतें. प्रत्येक वेळीं त्याच्या मापाचें बंदर आणि त्याच्या मापाचा उतारू कोणीतरी शोधून काढला. प्रथम बहामा, मग स्पॅनिश प्रवासी, मग हवाना, आतां मुंबई. ज्यांना असा शोध घेणारा मिळाला नाहीं, तीं जहाजें त्याच वयांत अलंगास आणि अलियागास गेलीं. दुरुस्ती पैशानें होते. उतारू मात्र कल्पकतेनें मिळवावा लागतो.

आणि येथेंच थोडी खंतहि वाटते. विलासाच्या प्रवासाकरितां इतकी कल्पकता खर्ची पडते, नित्याच्या प्रवासाकरितां ती क्वचितच पडते. एम्प्रेसच्या एका खोलीच्या भाड्यांत डेकवरचे कित्येक उतारू वेंगुर्ल्यास पोंचले असते. कांहीं दिलासा देणारें उदाहरण आहे. मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह माणसें नेणारी बोट सुरू झाली. महामारीचा फटका बसूनहि ती टिकली, कारण तिच्या उतारूंना तिची खरोखर गरज आहे. लहान वाहन असेंच टिकतें. पुलगांव-आर्वीच्या रुळांवर गाडी पुनः धांवावी असें म्हणणाऱ्यांनीं, आणि आम्ही त्यांतलेच आहोंत, हें ध्यानांत ठेवावें. जुन्या गाडीच्या आठवणी कितीहि गोड असोत, त्यांवर इंजिन चालत नाहीं. आष्टी-आर्वीकडचा विद्यार्थी, बाजारकरी आणि दवाखान्यास निघालेला रोगी रोज कोठून कोठें जातो, किती वाजतां जातो आणि काय देऊं शकतो, याचा हिशेब प्रथम कोणीतरी घरोघर फिरून मांडला पाहिजे. तो मांडला गेला, तर गाडीची मागणी करणाऱ्यांच्या हातीं आठवणींहून बळकट असें कांहीं येईल.