पिंढीवरून चुलीपाशी

नेपाळातील गोरखा जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावी मी पाच आठवडे राहिलो, त्याला आता बरीच वर्षे लोटली. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू याच जिल्ह्यात, बार्पाकजवळ होता. सुमारे ९,००० माणसे दगावली. हजारो शाळाखोल्या कोसळल्या. तो वार शनिवार होता, आणि नेपाळात साप्ताहिक सुटी शनिवारची असते. म्हणूनच त्या भर दुपारी मुले वर्गांत नव्हती.

पुढल्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत तेथील पत्र्याच्या तात्पुरत्या शाळेत गणित शिकवण्यासाठी स्वयंसेवक म्हणून मी इंदूरहून निघालो. गोरखपूरपर्यंत आगगाडी, सोनौलीला सीमा, पुढे नारायणघाट आणि मुगलिनवरून बस. आपणांस व्हिसा लागत नाही. घड्याळ तेवढे पंधरा मिनिटे पुढे करायचे.

माझी सोय एका शेतकरी कुटुंबात केलेली होती. घरात बुबा, आमा, त्यांची सून आणि दोन नातवंडे. मुलगा कतारला कामावर. दगडमातीचे जुने घर पडलेले. त्याची पिंढी, म्हणजे पुढची ओटी, तेवढी शाबूत होती. तिच्या मागे पत्रा आणि बांबू यांचा निवारा उभारला होता. त्यातला एक कोपरा तट्ट्या लावून मला दिला. तो कोपरा आधी कोणाचा, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

लिपी आपलीच, तेव्हा भाषाही फारशी परकी नसणार, अशा भ्रमात मी होतो. पहिल्याच जेवणात डाळ, भात आणि गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची भाजी वाढून आमांनी विचारले, “मिठो छ?” मला वाटले, त्या मिठाचे विचारताहेत. मी प्रामाणिकपणे म्हणालो, “थोडे कमी.” त्यांचा चेहरा उतरला. नातीने चित्रपटांवरून शिकलेल्या हिंदीत उलगडा केला: मिठो म्हणजे चवदार, मिठाला ते ‘नुन’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी “घाम लाग्यो” हे शब्द ऐकून मी रुमालाने कपाळ पुसले. आमा म्हणत होत्या, ऊन पडले! शाळेच्या कागदांवरचा ‘शिक्षा’ हा शब्द मात्र, हिंदी मुलखात हयात गेल्यामुळे, मला दचकवू शकला नाही.

शब्द हळूहळू वळणी पडले. जड जात होता तो पाहुणचार. सकाळी दहाच्या सुमारास, शाळेआधी, पिंढीवर एक पिर्का, म्हणजे आपला लाकडी पाट, मांडला जाई. त्यावर मी एकटा जेवावयाचे. घरची मंडळी नंतर आत, चुलीपाशी. आणि सून सर्वांच्या शेवटी. ताट विसळावयास उचलले की आमा ते हातातून काढून घेत. रोज सकाळी स्नानासाठी पाण्याची बादली तयार असे. दुसऱ्या आठवड्यात मी सहज धाऱ्यापर्यंत, म्हणजे गावच्या पाणवठ्यापर्यंत उतरलो, तेव्हा समजले की माझी एक बादली म्हणजे सुनेची एक चढण होती. आणि माझ्या कोपऱ्यातून उठवलेली नातवंडे पिंढीवर निजत होती. स्नानाला मी धाऱ्यावर जाऊ लागलो. कोपरा परत देऊ केला, तो मात्र कोणी घेतला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी बुबांनी मला एक प्रश्न विचारला. २०१५ च्या सप्टेंबरपासून जवळजवळ पाच महिने सीमेवरून येणारे इंधन अडले होते. मधेशातील आंदोलनामुळे वाहतूक थांबली, असे भारताचे म्हणणे; ही भारताचीच नाकेबंदी, असे नेपाळचे. तरुणपणी दिल्लीत चाकरी केलेले बुबा स्वच्छ हिंदीत म्हणाले, “गॅस मिळेना. पडलेल्या घराच्या तुळया आम्ही चुलीत घातल्या. माझ्या बापाने चढवल्या होत्या त्या. तुमच्याकडे लोकांना हे ठाऊक होते का?”

राजकारणाची दोन वाक्ये मला बोलता आली असती. पण मी खरे तेच सांगितले: “वर्तमानपत्रात वाचले होते. मग विसरून गेलो.” बुबा काही बोलले नाहीत. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांचे छप्पर गेले, त्यांच्याच छपराखाली मी उपकारकर्त्याच्या ऐटीत पाहुणा होऊन बसलो होतो.

सकाळी पाहतो तो पिंढीवर पिर्का नाही. मनात चर्र झाले. इतक्यात आतून आमांचा आवाज आला, “भित्र आऊ, भाइ.” आत ये, भाऊ. तोवर त्या मला ‘तपाईं’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचे ‘आपण’. आज प्रथमच त्या सलगीने बोलत होत्या. पिर्का चुलीपाशी, बुबांच्या शेजारी मांडला होता. त्या दिवशी जेवल्यावर माझे ताट मी विसळले. कोणी अडवले नाही.

पाहुण्यापुढे कोणी गाऱ्हाणे मांडत नाही. ते घरच्या माणसापुढेच मांडले जाते. बुबांचा प्रश्न मला रोष वाटला होता. खरे तर तो आत येण्याचा मार्ग होता. आज आपल्या घरांतली मुलेही सेवेसाठी परदेशी जातात. त्यांना माझे एवढेच सांगणे: आपण निजतो ती जागा कोणाची, आपले पाणी कोण वाहते आणि घरात शेवटी कोण जेवते, हे पहिल्याच दिवशी पाहावे. मला ते कळावयास तीन आठवडे लागले.