गाडीतला संसार

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे मराठीत म्हणतात. त्याला आता तिसरी ओळ जोडायला हरकत नाही: गाडी पाहावी सात माणसांत वापरून. घराला निदान खोल्या असतात. पाहुणा आला की पडदा ओढता येतो, पसारा आतल्या खोलीत ढकलता येतो. गाडीला आतली खोली नसते. सिग्नलला शेजारी उभा राहिलेला कोणीही काचेतून डोकावून तुमच्या घराची शिरगणती करू शकतो.

आम्ही चिपळूणचे. आम्ही म्हणजे अब्बा, अम्मी, नोकरी करणारे आम्ही दोघे आणि तीन मुले. दोघांपैकी एक उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, दुसरी आरोग्य केंद्रात नर्स आहे. बी.एड.ला वर्गव्यवस्थापन नावाचा विषय मन लावून शिकलो. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागी वस्तू. हे तत्त्व वर्गात बऱ्यापैकी चालते. गाडीचे दार सरकले की संपते.

आमची पहिली गाडी मारुती ओम्नी. ही गाडी 1984 मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आली, पुढे ओम्नी झाली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. समोरच्या सीटखाली इंजिन, बाजूला सरकते दार आणि मागे हवे ते कोंबायला जागा. कोकणात तिच्यातून काय गेले नाही! वऱ्हाड गेले, हापूसच्या पेट्या गेल्या, शाळेची मुले गेली, अडलेली बाळंतीण गेली आणि प्रसंगी दवाखान्यातून मय्यतही घरी आली. गल्लीत चारचाकी आमची एकटीच होती. त्यामुळे तिच्यातला पसाराही एकट्या आमचा नव्हता. कोणाचा टिफिन, कोणाची छत्री, कोणाच्या एक्स-रेचे पाकीट. मालक यायचा तेव्हा यायचा.

पण घरचा वाटा मोठाच. अब्बांच्या पायात जोर कमी झाल्यापासून त्यांचा घडीचा वॉकर मागे आडवा. अम्मीची जायनमाज, तस्बीह आणि प्रवासात वुजूसाठी लागणारा प्लास्टिकचा लोटा. हा लोटा प्रत्येक वळणावर गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घरंगळत जाई आणि कशेडी घाटात त्याचा आवाज ऐकून अब्बा वळणे मोजत. आरोग्य केंद्राची पिशवी, तिला कोणी हात लावायचा नाही. मे महिन्यातल्या आंब्याच्या पेटीतला पेंढा, जो दिवाळीपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या कपड्यांना चिकटून घरात येई. सुकटीचा वास, जो कुठून येतो ते कधीच सापडले नाही. आणि सीटखाली, खिशात, दाराच्या फटीत, सगळीकडे कागद.

कागदांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आमची मोठी दोन मुले उर्दू शाळेत, धाकटा इंग्रजी माध्यमात. उर्दू शिकवणाऱ्याचा मुलगा इंग्रजीत कसा, असे मोहल्ल्यात विचारतात. मुलींना अजून उर्दूतच का ठेवलेय, असे मुंबईचे नातेवाईक विचारतात. आमच्यापाशी दोघांना पुरेल असे एक उत्तर नाही. मुली ज्या भाषेत दादीशी भांडतात त्या भाषेत त्यांनी विचार करावा, असे वाटले. धाकट्याच्या वेळी उर्दू शाळेचा पट घसरत चाललेला रोज दिसत होता, भीती वाटली. मागच्या सीटवर मात्र वाद नसतो. तिथे उजवीकडून उघडणाऱ्या आणि डावीकडून उघडणाऱ्या वह्या एकमेकींत अडकून पडलेल्या असतात. मराठीची वही तिघांचीही सारखीच.

21 जुलै 2021 ला बकरी ईद होती. कोरोनामुळे नमाज घरीच झाली. दिवसभर पावसात ओम्नीतून नातेवाइकांकडे, शेजारी, गरजू घरी हिस्से पोहोचवले. रात्री परतलो तेव्हा रिकामी पातेली, ओले रेनकोट, सगळे गाडीतच राहिले. उद्या सकाळी काढू, असे प्रत्येक जण म्हणाला. पहाटे वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेली माणसे म्हणत होती, एवढे येणार नाही. पाणी त्या खुणेच्या वर गेले. अब्बांना खुर्चीसकट उचलून शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर नेले. तिथल्या गॅलरीतून ओम्नीचे टप थोडा वेळ दिसत होते, मग तेही दिसेना.

पाणी ओसरल्यावर सरकते दार पहारीने उघडावे लागले. आतून आधी चिखल आला आणि मग आमचा संसार. एकेक वस्तू काढून भिंतीवर मांडत गेलो. पातेली निघाली. लोटा निघाला, त्याला काही झाले नव्हते. जायनमाज निघाली, तिचा रंग ओळखू येत नव्हता. अम्मीचा जुना चष्मा, मुलींचे बालभारतीचे पुस्तक फुगून विटेएवढे झालेले. अब्बांचा वॉकर धुऊन त्याच संध्याकाळी वापरला.

आणि सीटखालून एक गठ्ठा निघाला. तेव्हा शाळा बंद होत्या, शिक्षण चालू ठेवायचे होते. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता तिथे आम्ही स्वाध्यायाचे कागद नेऊन देत असू आणि आठवड्याने गोळा करत असू. मच्छी विकणाऱ्यांची, हमालांची, रिक्षावाल्यांची मुले. कोणी मेणबत्तीखाली लिहिलेले, कोणी मोठ्या भावाकडून लिहून घेतलेले. त्या गठ्ठ्याचा लगदा झाला होता. शाई निळी होऊन सगळ्यांची एकच झाली होती. त्यातली कितीतरी घरे आमच्याइतकीच किंवा जास्त बुडाली होती, त्यामुळे कागद गेले म्हणून कोणाकडे जाऊन सांगण्यातही अर्थ नव्हता.

पुढे विमा कंपनीचा सर्व्हेयर आला. मनुष्य चांगला होता, सात-आठ गल्ल्या चिखल तुडवून आला होता. त्याने इंजिन पाहिले, वायरिंग पाहिले, फोटो काढले आणि गाडी पूर्ण बाद धरली. आम्ही विचारले, आतल्या सामानाचे काय? तो भिंतीकडे बघून म्हणाला, “सर, पॉलिसी गाडीची आहे. सामान त्यात येत नाही.” नियमाने बरोबरच होते. विमा गाडीच्या ठरलेल्या किमतीचा असतो, तीही दरवर्षी घटते. निव्वळ थर्ड पार्टी असेल तर पुरात तेवढेही मिळत नाही. भिंतीवर मांडलेल्या त्या ओळीची किंमत कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. आणि गाडी गेल्याचे दुःख ओसरले तरी ती ओळ आमच्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस हलली नाही.

त्या दिवसांत मेकॅनिककडून एक गोष्ट सगळ्या गल्लीने ऐकली, ती इथे लिहून ठेवतो. बुडालेली गाडी चालू होते का, म्हणून चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आतला रॉड वाकतो आणि मग विमा कंपनी म्हणते, हे नुकसान पुराचे नव्हे, चावी फिरवल्याचे. बॅटरीची वायर काढावी, फोटो काढावेत आणि गाडी ओढूनच न्यावी.

वर्षभराने जुनी ईको घेतली. पंधरा दिवस ती दुकानातल्यासारखी राहिली. मग एके दिवशी पाण्याची अर्धी बाटली मागे राहिली आणि तिच्या पाठोपाठ हळूहळू सगळी मंडळी येऊन बसली. नवीन जायनमाज, नवीन गठ्ठे, जुना लोटा.

4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ती बातमी ऐकून नर्सबाईंनी ईकोच्या मागच्या सीटचे कव्हर उचलले. पट्ट्याची बक्कले खाली दाबून टाकलेली, वर वह्या आणि बिस्किटांचा चुरा. आरोग्य केंद्रात अपघाताच्या केसेस पाहणारे माणूस अशा वेळी वाद घालत नाही. त्या दिवसापासून तीन नियम लागू झाले. चालकाच्या पायाशी काही नाही, कारण ब्रेकखाली गेलेली बाटली लोट्यासारखी गमतीची नसते. वॉकर दोरीने बांधायचा, कारण जोरात ब्रेक लागला की मागची सुटी वस्तू पुढच्या डोक्यावर येते. आणि पट्टे वर.

चौथा नियम कोणी केला नाही, तो पावसाने केला. जून ते सप्टेंबर, जोराच्या पावसाचा इशारा असला की रात्री जेवणाआधी गाडी मोकळी करायची. गाडी उंचावरच्या रस्त्याला लावायची आणि सामान जिन्याने वर न्यायचे. जिना अरुंद आहे, अठ्ठावीस पायऱ्या. पहिल्या खेपेला शाळेचे कागद, मग आरोग्य केंद्राची पिशवी, मग अम्मीची जायनमाज. तिसऱ्या खेपेला माणसे दमतात आणि वस्तू हातात धरून विचार करतात. रिकामे डबे, तुटकी छत्री, जुनी बिले तिथेच खाली कचऱ्यात जातात. बी.एड.ने जे शिकवले नाही ते या पायऱ्यांनी शिकवले. अठ्ठावीस पायऱ्या वर न्यावीशी वाटते ती वस्तू पसारा नव्हे.

मात्र प्रत्येकाची निवड वेगळी असते आणि तिथे कोणी कोणाला अडवायचे नाही, असे ठरले आहे. अब्बा स्वतःची मोजणी करतात, खाली काही राहिले का म्हणून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. धाकटा गुहागरच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आईस्क्रीमच्या डब्यात घेऊन रोज रात्री वर येतो. सकाळी तोच डबा पुन्हा गाडीत नेतो. घरात ठेव म्हटले तर म्हणतो, “ते गाडीतले आहेत.”