पाण्याचा पापुद्रा

धावण्याच्या शर्यतीचा फोटो काढणाऱ्याला माणूस आयता मिळतो. पोहण्याच्या शर्यतीत तो शोधावा लागतो. गॅलरीतून दिसते ती टोपी, फेस आणि अधूनमधून एखादं कोपर. मग हौशी छायाचित्रकाराला वाटतं, आपल्याकडे मोठी लेन्स नाही म्हणून हे असं होतंय. माझ्या मते या खेळात लेन्सपेक्षा पोहणाऱ्याचा श्वास ओळखता येणं जास्त कामाचं. फ्रीस्टाइलमध्ये श्वास ज्या बाजूने घेतला जातो तिकडेच अर्धं तोंड दिसतं. तुम्ही उलट बाजूला बसलात तर अख्खी लेंग्थ डोक्याची मागची बाजू बघा. वळून परत येताना मात्र तोच श्वास तुमच्याकडे तोंड करून येतो. बटरफ्लायमध्ये चेहरा समोरून दिसतो, पण किती वेळा? कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ मिळवलं, ती शर्यत पंचवीस सेकंदांच्या आत आटोपली. ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत दयाळू, दर स्ट्रोकला डोकं वर. त्यातही एक क्षण असा की पाणी अजून फुटलेलं नसतं. टोपीवरून, गॉगलवरून, कधी पार ओठांपर्यंत त्याचा अखंड पापुद्रा ताणलेला असतो, आतला चेहरा किंचित वाकडा दिसतो, आणि लगेच त्याच्या चिंध्या होतात.

कोणी म्हणेल, आजचे कॅमेरे सेकंदाला वीस-वीस फ्रेम घेतात. बटण दाबून ठेवा, निवड नंतर करा. पण ऑटोफोकसला चेहऱ्याचं विशेष कौतुक नाही, पुढ्यात उडालेल्या चमकत्या थेंबांवर तो खुशाल जाऊन बसतो. थेंब गोठवायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर न्यावं, तर बंदिस्त तलावाच्या उजेडात आयएसओ चढवावा लागतो आणि चित्र दाणेदार होतं. फ्लॅशचं तर नावच नको: सुटण्याचा इशारा आवाजाबरोबर प्रकाशानेही दिला जातो, त्यात भलताच लखलखाट कोणाला चालेल? शिवाय शेकडो फ्रेममधून नेमकी कोणती ठेवायची, हे तरी स्ट्रोक कळल्याशिवाय कसं ठरणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शर्यतीचा अर्थ तिच्या शेवटात. तो क्षण निसटला तर बाकीच्या फोटोंना काय किंमत? बीजिंग ऑलिंपिक, २००८, शंभर मीटर बटरफ्लाय: अमेरिकेचा मायकेल फेल्प्स ५०.५८ सेकंद, सर्बियाचा चाविच ५०.५९. वरून बघणाऱ्या कित्येकांना चाविचच पुढे वाटला होता. निकाल दिला टचपॅडने, आणि सर्बियाच्या तक्रारीनंतर तो पडताळला गेला तो अतिवेगवान कॅमेऱ्याच्या चित्रणावरून. म्हणजे डोळ्याने न ठरणारा शेवट गॅलरीतल्या हौशी माणसाने सिद्ध करावा, ही अपेक्षाच चुकीची. पुराव्याची जबाबदारी यंत्राकडे आहे, आणि हौशाला ही मोठी सूट आहे.

ती सूट वापरायची तर अंतिम फेरीपेक्षा सकाळच्या हीट्स बऱ्या. (स्पर्धक बरेचदा अल्पवयीन असतात, आयोजकांची आणि पालकांची परवानगी आधी, कॅमेरा मग.) तिथे कमी वेगाचे पोहणारे आधी उतरतात, त्यांचे श्वास ठरलेल्या जागी येतात, गर्दीही बेताची. दोनशे मीटरची शर्यत आणि एकच लेन धरावी. पहिल्या लेंग्थला कॅमेरा मांडीवरच राहू द्यावा आणि नुसतं मोजावं: कोणती बाजू, कितव्या हाताला श्वास. पुढच्या तीन लेंग्थ फोटोसाठी उरतातच.