दहा सोन्याची नाणी आणि उचल

दर शनिवारी रात्री पुण्यातल्या माझ्या फ्लॅटवर आम्ही चार इंजिनिअर फासे टाकत बसतो. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ सालचा. गोष्ट सांगणारा मी. नवख्यानं तयार साहस घ्यावं म्हणून २०१४च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' घेतलं. त्यात गुंड्रेन नावाचा ड्वार्फ प्रत्येकाला दहा सोन्याची नाणी कबूल करतो. आपण त्याची सामानाची गाडी फँडेलिनला पोचवायची. वाटेत गॉब्लिनांचा हल्ला.

पण आम्ही चौघंही बीडचे. नेव्हरविंटर काही डोळ्यांपुढं येईना. मग मी गाडी धारूरच्या घाटात आणली. पुस्तकातले गॉब्लिन गुहेत अडवलेलं पाणी सोडून घुसखोरांना वाहून लावतात. तिथं खजाना विहिरीचं भुयार चपखल बसलं. गुंड्रेनचा केला मुकादम.

आणि तिथंच गाडी रुतली.

पुस्तकात पैसे माल पोचल्यावर मिळतात. आमच्याकडं ऊसतोडीचा मुकादम आधी उचल देतो, मग नवरा-बायकोचा कोयता हंगामभर ती फेडत बसतो. एवढाच बदल केला आणि गोष्टच फिरली. पुस्तकातला नायक कंटाळला तर निघून जातो. माझ्या नायकांना जाताच येईना.

माझे आईबाप कोयत्यावर जायचे. मी आजीजवळ राहून शिकलो. त्यामुळं मुकादम मी मन लावून दुष्ट रंगवला. तिसऱ्या शनिवारी एक मित्र खेळता खेळता गप्प झाला. त्याचे वडील मुकादम होते. मला ते माहीत होतं, तरी रंगवला.

"तुझ्या मुकादमाला पाहिजे काय?" त्यानं विचारलं.

"पैसे."

"अन् जोडी उचल घेऊन पळाली, तर कारखान्याचे कोण भरतं?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. त्याच्याकडं होतं: वडलांनी दोन एकर विकलं होतं.

पुढच्या शनिवारी मुकादमाच्या खिशात मी त्याच्याच नावावरच्या देण्याचा कागद ठेवला. पुस्तकात यीमिक नावाचा गॉब्लिन आपल्याच सरदाराचा काटा काढायला नायकांशी सौदा करू पाहतो. तो सौदा उचलून मुकादमाला दिला: माझं देणं मिटवा, तुमची उचल माफ.

पोरं तासभर भांडली. याच्यावर विश्वास ठेवू नका, असं सगळ्यात आधी म्हणाला तो माझा तोच मित्र.