३४ पैकी २८

१९ मार्च १९६६च्या रात्री टेक्सस वेस्टर्न कॉलेजने केंटकी विद्यापीठाला ७२-६५ असं हरवलं. मेरिलँड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउसमध्ये झालेला अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा तो अंतिम सामना. केंटकीचा अख्खा संघ गोरा होता. टेक्सस वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी सुरुवातीला उतरवलेले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते आणि अंतिम सामन्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. याच हंगामावर २००६ साली ‘ग्लोरी रोड’ हा चित्रपट निघाला. मी तो पुन्हा पुन्हा पाहते आणि दर वेळी शेवटाला डोळे भरून येतात. तरी त्याच्याशी माझं एक भांडण आहे, आणि ते काही मिटत नाही.

भांडण तपशिलांच्या मोडतोडीचं नाही. हॅस्किन्स १९६१ पासून एल पासोच्या त्या कॉलेजात होते. चित्रपटात ते येतात आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवतात. कॉलेजच्या संघात १९५६ पासूनच कृष्णवर्णीय खेळाडू होते, चित्रपटात तेही जणू हॅस्किन्सांनीच सुरू केलेलं वाटतं. दोन तासांत गोष्ट सांगायची तर असं होणारच. मला सलतो तो खेळ. चित्रपटातले प्रशिक्षक शिस्तीचे कडक, मुलं मोकळ्या गल्लीतल्या खेळाची. आम्हाला आमच्या पद्धतीने खेळू द्या, असं संघातला बॉबी जो हिल म्हणतो. प्रशिक्षक जरा सैल होतात, मग चेंडू पाठीमागून फिरायला लागतो, उड्या उंचावतात आणि संघ जिंकत सुटतो. पाहायला फार छान वाटतं. पण त्या काळचा सगळ्यात चिवट समज नेमका हाच होता: कृष्णवर्णीय मुलं उड्या सुरेख मारतात, पण डोकं थंड ठेवणं त्यांना जमत नाही, सामना अटीतटीला आला की सांभाळून घ्यायला एखादा गोरा खेळाडू हवाच. चित्रपट या समजाविरुद्ध पोटतिडकीने उभा राहतो आणि नकळत त्याचाच अर्धा भाग खरा धरून चालतो.

प्रत्यक्षातला टेक्सस वेस्टर्न फार वेगळा होता. हॅस्किन्स ओक्लाहोमातले प्रशिक्षक हेन्री आयबा यांचे शिष्य. आयबांच्या तालमीत बचाव आधी, बाकी सगळं मागाहून. आपला माणूस सोडायचा नाही, घाईने बास्केटकडे चेंडू फेकायचा नाही, चांगली संधी मिळेपर्यंत चेंडू हातात ठेवायचा. त्या रात्री वेगाने पळणारा संघ होता तो केंटकीचा. तो वेग रोखायचा म्हणून हॅस्किन्सांनी उंच नेव्हिल शेडला सुरुवातीला बसवून साडेपाच फुटांच्या विली वर्स्लीला उतरवलं. उंचीवर चालणाऱ्या खेळात, अंतिम सामन्यात, तीन गार्ड! चित्रपटात हॅस्किन्स आदल्या रात्री जाहीर करतात की उद्या फक्त कृष्णवर्णीय खेळतील. मला त्या भाषणापेक्षा वर्स्लीची ही निवड कितीतरी मोठी वाटते. ती करणाऱ्या माणसाने आपल्या मुलांकडे खेळाडू म्हणून पाहिलं होतं.

सामन्याचे आकडे समोर ठेवले की चित्र आणखी स्पष्ट होतं. केंटकीने ७० प्रयत्नांत २७ बास्केट केले, टेक्सस वेस्टर्नने ४९ प्रयत्नांत २२. म्हणजे बास्केट केंटकीचेच जास्त. सामना फिरला तो फ्री थ्रोंवर: केंटकीचे १३ पैकी ११, टेक्सस वेस्टर्नचे ३४ पैकी २८.

मी नागपूरला शाळेत असताना बास्केटबॉल खेळायचे. सर सराव संपता संपता, पायांत गोळे आलेले असताना, फ्री थ्रो मारायला लावायचे. तेव्हा राग यायचा. सामन्यात पहिल्यांदा त्या रेषेवर उभी राहिले तेव्हा कळलं, सर कशाची तयारी करून घेत होते. पंच चेंडू हातात देतात. रिंगमागची फळी पंधरा फुटांवर. मगाशी धक्काबुक्की करणारे सगळे दोन्ही बाजूंना ओळीने उभे. आडवं यायला कोणी नाही, म्हणून सबबही नाही. दोन टप्पे मारायचे, गुडघे वाकवायचे, श्वास सोडायचा, चेंडू बोटांच्या टोकांवरून सुटताना मनगट पुढे पडू द्यायचं. छातीत धडधड होत असेल तर ती थेट मनगटात उतरते. १९६६ साली त्या रेषेवर उभ्या राहणाऱ्या मुलांसमोरचे प्रेक्षक बहुतेक सगळे गोरे होते. घरोघरी रंगाच्या नावाने वेगळ्या वागणुकीच्या आठवणी. आणि तरी ३४ पैकी २८. ‘डोकं थंड ठेवता येत नाही’ म्हणणाऱ्यांना याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही. चित्रपटाने मात्र या शांत क्षणांवर कॅमेरा फार रेंगाळू दिलेला नाही.

सामन्यातले दोन क्षण सगळ्यांना पाठ आहेत. डेव्हिड लॅटिनने सुरुवातीलाच केंटकीच्या पॅट रायलीच्या डोक्यावरून मारलेला डंक, आणि हिलने केंटकीच्या गार्डांच्या हातातून लागोपाठ दोनदा काढून घेतलेला चेंडू. हिलच्या त्या दोन हिसकावण्या म्हणजे बचावच होता, वर्षानुवर्षं घोटलेला. चित्रपटात त्याची चपळाई दिसते. समोरच्याच्या ड्रिबलची लय मोजत बसलेली त्याची नजर दिसत नाही.

या विजयाने दारं उघडली, असं चित्रपट सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. पुढच्या वर्षी व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पेरी वॉलेसने दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या बड्या साखळीत पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू म्हणून पाऊल टाकलं. केंटकीचे प्रशिक्षक अडॉल्फ रप यांनीही १९६९ साली टॉम पेनला घेतलं. पण हॅस्किन्सांना द्वेषाने भरलेली पत्रं येत राहिली. १९६८च्या उन्हाळ्यात ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये जॅक ऑल्सेन यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंवर लेखमाला लिहिली. तिच्यात याच कॉलेजवर कडक टीका होती: खेळापुरती ही मुलं हवीशी, वर्गात आणि गावात नकोशी. कॉलेजचं नाव तोवर बदलून ‘युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस अ‍ॅट एल पासो’ झालं होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या कृष्णवर्णीय धावपटूंनी आणि उडीपटूंनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध उतरायला नकार दिला. ते विद्यापीठ मॉर्मन चर्चचं, आणि त्या चर्चमध्ये तेव्हा कृष्णवर्णीयांना पुरोहितपद नव्हतं. नकार देणाऱ्यांना कॉलेजने अ‍ॅथलेटिक्सच्या संघातून काढून टाकलं. त्यांत एक लांब उडी मारणारा होता, बॉब बीमन. ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये त्याने ८.९० मीटर उडी मारली आणि आधीच्या जागतिक विक्रमाला अर्ध्या मीटरहून जास्त मागे टाकलं. हॅस्किन्सांच्या संघाच्या विजयाला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. तोच परिसर, तेच कॉलेज. १९६६च्या टाळ्यांवर चित्रपट थांबतो. मला तो एप्रिल १९६८ पर्यंत गेलेला पाहायचा आहे.