‘ख्रिस्तायन’ कोणाचं?

वाई

चि. सोनी,


आजीच्या कपाटातलं ‘ख्रिस्तायन’ तू मागून नेलंस आणि परवा विचारलंस, रेव्हरंड टिळकांना एवढा ग्रंथ लिहायला किती वर्षं लागली? फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं. कारण त्यातला मोठा भाग त्यांनी लिहिलेलाच नाही.

1917 साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी आपल्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तानुयायांचा मेळा उभा केला. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायना’चे साडेदहा अध्याय झाले होते. पुढचे 64 त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. शेवटचा, 76वा, मुलाने, देवदत्तांनी. ग्रंथ निघाला 1938 साली. लक्ष्मीबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

ही बाई शाळेत गेलेली नव्हती गं! नाशिकजवळचं जलालपूर, वडिलांचं कडक सोवळं, अकराव्या वर्षी लग्न. अक्षरओळखसुद्धा लग्नानंतरची. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लहानग्या दत्तूला, म्हणजे देवदत्तांना, घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ‘नवऱ्यामागोमाग ख्रिस्ती झाल्या’ असं लोक एका ओळीत उरकतात, ते मला मुळीच मान्य नाही. नवऱ्याकडे परतल्या तरी त्यांनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. जाती देवाने नव्हे, माणसांनी केल्या, हे त्यांचं त्यांना उमगलं, तेव्हा कुठे त्या कोणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. आधी जात गेली, मग धर्म बदलला. हा क्रम विसरू नकोस.

टिळक हाताला लागेल ते गरजवंताला देऊन टाकत. घरी आलेल्यांच्या पानात काय वाढायचं, ही काळजी लक्ष्मीबाईंची. त्यांनी संसार रेटला म्हणून टिळकांची कविता आणि त्यांचं औदार्य दोन्ही टिकलं, असं मला वाटतं.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ सगळे वाचतात, त्यावर भरभरून बोलतात. पण त्यामुळे त्या आठवणी सांगणाऱ्या म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिल्या, कवयित्री म्हणून नाही. त्यांचा ‘भरली घागर’ हा कवितासंग्रहदेखील त्यांच्या पश्चात निघाला. नवऱ्याने अर्धवट ठेवलेली ओवी त्यांनी म्हातारपणात, एकटीने, इतकी लांब नेली. तिला नवऱ्याच्या कामाची शेपटी समजणं हा अन्याय आहे.

तेव्हा तुमच्या तिकडच्या मराठी उपासनेत ‘ख्रिस्तायन’ वाचाल, तर दोघांचीही नावं घ्या, आणि लक्ष्मीबाईंचं आधी.

तुझी,
आत्या